बंडीचं कापड

“कोन गेलं?” भैय्यालालनं आवाज खाली आणून विचारलं.

आनंदरावांना आधी प्रश्नच कळला नाही. भंडाऱ्याच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात ते गादीच्या टोकाशी बसले होते आणि त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पांढरं सुती कापड पाहिजे, साधं, बिनकाठाचं, एका माणसापुरतं. त्यावर भैय्यालालनं नेहमीसारखी पाच-सहा ठाणं समोर उलगडून टाकली नाहीत. मागच्या फळीवरून एकच ठाण काढलं, हातानं मापलं आणि कात्री न लावता टर्रकन फाडलं. भाव सांगितला नाही, चहा मागवला नाही. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालला होता. आता माग बंद पडून नुसतं दुकान उरलं असलं, तरी कोणतं कापड कापायचं आणि कोणतं फाडायचं हे तो विसरला नव्हता.

“कोनी नाही गेलं,” आनंदराव म्हणाले. “बायजा जाऊन राहिली. जपानले.”

भैय्यालालचं तोंड उघडंच राहिलं. मग तो ओशाळून हसला, चहा सांगितला, दुसरं ठाण काढतो म्हणाला, कात्रीही शोधू लागला. आनंदराव म्हणाले, राहू द्या, कापड कापडच असते. पण गाडीच्या डिकीत ती घडी ठेवताना त्यांना भैय्यालालचा तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला घरी येईपर्यंत तो काही डोक्यातून गेला नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या, शेजारणीनं मांजर आडवं गेल्याचं सांगितलं की तिला तासभर समजावणाऱ्या माणसाला अपशकुनाची भीती वाटावी, ही लाजेची गोष्ट होती. आनंदरावांना लाज वाटली. भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात, हे त्यांना नवीन नव्हतं.

आनंदराव भित्रे होते, हे सरळच सांगून टाकावं. साठी उलटेपर्यंत त्यांनी ते कोणापासून लपवलं नव्हतं. त्यांची नोकरी धरणाच्या दारांवर होती आणि तिथे ही भीती उलट कामाला यायची. दारं उघडण्याआधी भोंगा वाजवायचा, म्हणजे खाली नदीत कपडे धुणारे, मासोळ्या धरणारे, टरबुजाच्या वाड्या राखणारे लोक बाजूला होतील. नियमात जेवढे भोंगे लिहिले होते त्याहून एक जास्त आनंदराव नेहमी वाजवायचे. सोबतचे लोक म्हणायचे, आनंदरावजी, आता मासोळ्यांनाही समजलं, उघडा दार. तरी त्यांना वाटत राहायचं की कोणीतरी खाली राहिलंच आहे, कानानं अधू असलेलं कोणीतरी. आयुष्यभरात त्यांच्या पाळीत एकही माणूस वाहून गेला नाही, पण त्यामुळे भीती कमी झाली असं काही झालं नाही.

त्यांच्या पत्नी बायजाबाई अगदी उलट. सगळी नोकरी त्यांनी उपकेंद्राची नर्सबाई म्हणून केली. खांद्याला लसींचा डबा अडकवून बांधाबांधानं, चिखलातून, जंगलातून गावोगाव चालल्या. रात्री-बेरात्री कोणी दार वाजवलं की चप्पल पायात घालता घालता निघायच्या, आणि त्या गेल्या की आनंदराव दिवा लावून बसायचे. बाईंना भीती ठाऊकच नाही, असं सगळा परिसर धरून चालला होता; आनंदराव तर सगळ्यांच्या आधी.

त्यांची मुलगी मोनिका जपानमधल्या एका बेटावर, म्हाताऱ्यांच्या आश्रमात सेवेच्या नोकरीला होती. त्या बेटाच्या कडेकडेनं एक फार जुनी पायवाट आहे. अठ्ठ्याऐंशी बुद्धविहारं एका पाठोपाठ एक, आणि लोक ती सगळी पायी फिरतात. दीड-दोन महिने लागतात. मोनिकाच्या आश्रमाच्या खिडकीतून ते चालणारे दिसायचे. पांढरी बंडी, डोक्यावर गवताची टोपी, हातात काठी. तिनं एकदा फोटो पाठवला. बायजाबाईंनी तो मोठा करून खूप वेळ पाहिला, आणि सेवानिवृत्तीचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम आटोपून महिना होत नाही तो, भाताचा घास मोडता मोडता म्हणाल्या, “मी जाईन म्हनते तिथी. पायी.”

आनंदरावांनी काय काय सांगून पाहिलं नाही. भाषा येत नाही, पचणार नाही, गुडघे राहणार नाहीत, तिकडे भूकंप होतात. मोनिकाला फार सुट्टी मिळणार नव्हती, म्हणजे बहुतेक वाट बायजाबाईंना एकटीनं चालायची होती. शेजारच्या सत्यभामाबाई कुंपणावरून ऐकत होत्या, त्यांनी विचारलं की तिकडं गाड्या नाही चालत काय. आनंदरावांना तो प्रश्न अगदी रास्त वाटला. बायजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पासपोर्टला अर्ज केला. शेवटी आनंदरावांनी एकच अट घातली: जायचं तर जा, पण सामान मी निवडीन.

आता सामान निवडणं म्हणजे काय, हे नागपुरातल्या त्या खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानातल्या मुलीला विचारावं. आनंदरावांनी दिवसभर तिचा पिच्छा पुरवला. बूट घेताना ते बायजाबाईंच्या आधी खाली बसले, अंगठ्यापुढे बोट घालून जागा पाहिली, तळवा दाबला, आणि ओल्या दगडावर घसरणार नाही याची खात्री काय, म्हणून विचारलं. मुलीनं दुकानातल्या उतरत्या फळीवर चालून बघा म्हटलं. बायजाबाई, जन्मभर रबरी चपलेत चाललेल्या, त्या फळीवरून वर गेल्या, खाली आल्या आणि म्हणाल्या, हे तर गादीवर चालल्यासारखं आहे. हलक्या काठ्यांची जोडी दाखवली तेव्हा आनंदरावांनी एक काठी गुडघ्यावर धरून जोर लावला. मुलगी काउंटरच्या मागून धावत आली. “अन् ही तुटली तं?” त्यांनी तिला विचारलं. प्रत्येक वस्तूला त्यांचा हाच प्रश्न होता. दिवा विझला तर, चेन अडकली तर, पाणी संपलं तर. मुलगी बिचारी उत्तरं देत राहिली. पण ती देत होती ती वस्तूंची उत्तरं, आणि आनंदराव विचारत होते ते काही वस्तूंबद्दल नव्हतं.

रेनकोट आणला त्याची परीक्षा अंगणातच झाली. पावसाची सर आली तशी त्यांनी बायजाबाईंना रेनकोट चढवून पागोळ्यांखाली उभं केलं, खांद्यावर पाणी, मानेवर पाणी, पाठीवर पाणी. बायजाबाई हसत होत्या, सत्यभामाबाई कुंपणावरून बघत होत्या. मानेपाशी ब्लाउज ओला झालेला निघाला. दुसऱ्या दिवशी आनंदराव एकटेच एसटीनं नागपूरला जाऊन रेनकोट बदलून आले.

आणि मग वजन. मोनिकानं बजावलं होतं की पाठीवरची बॅग सात किलोच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली तर पहिल्याच आठवड्यात पाय जातील. घरात वजन करायला होता तो बायजाबाईंचा जुना काटा, तान्ह्या पोरांना झोळीत घालून टांगायचा. तो आढ्याच्या कडीला अडकवला, झोळीच्या जागी बॅग. रोज संध्याकाळी आनंदराव काटा पाहायचे आणि रोज काटा पुढेच गेलेला असायचा. कारण रोज दुपारी ते गुपचूप त्यात काहीतरी घालायचे. नायलॉनची दोरी. एक विझला तर म्हणून दुसरा दिवा. शिटी. तिखटाची पुडी, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सापाच्या भीतीनं गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे. रोज संध्याकाळी बायजाबाई ते एकेक काढून खाटेवर ठेवायच्या. सकाळी त्या बॅग पाठीवर घेऊन सरावाला निघायच्या, पूल ओलांडून भंडाऱ्याला आणि परत. त्या वळणाआड जाईपर्यंत आनंदराव फाटकात उभे राहायचे. रोज त्यांना वाटायचं, आज पाय मुरगळो. थोडासाच. मग स्वतःचीच चीड यायची.

बंडीचं कापड आणायचं मात्र त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं. मोनिका म्हणाली होती की बंडी पहिल्या विहारापाशी विकत मिळते, ओझं आणू नका. पण आनंदरावांना ते पटलं नाही. पांढरं कापड तर आपल्या घरचं. दीक्षाभूमीला जायचं तर पांढरं, लग्नात नवरीला पांढरं. बायजाबाई या घरात आल्या त्या पांढऱ्याशुभ्र लुगड्यात, आणि मंडपात त्यांच्याकडे बघून आनंदरावांना घाम फुटला होता. सगळ्या सामानात ही एकच वस्तू अशी होती की जिची त्यांना भीती वाटत नव्हती. म्हणून ते एवढ्या उत्साहानं भैय्यालालकडे गेले, आणि तिथून जे झालं ते झालं.

गल्लीतल्या हर्षानं बंडी शिवून दिली. छान बसली. आनंदराव सावरले. भैय्यालालचा प्रश्न हा नुसता गैरसमज, असं त्यांनी मनाला समजावलं. रविवारी सकाळी बायजाबाई सरावाला गेलेल्या असताना मोनिकाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं बंडी हँगरला लावून कॅमेऱ्यासमोर धरली.

मोनिका खूश झाली. अगदी इथल्यासारखी झाली, म्हणाली. मग बोलता बोलता, जसं आपण एखाद्याला गावची जत्रा समजावून सांगतो तसं, तिनं सांगितलं की ही पांढरी का असते.

“पहिले लोक या वाटेत मरत, बाबा. म्हतारे, बिमार. जिथी पडले तिथीच त्याइले पुरत. मंग कपडे कोन बदलवन, म्हून आधीपासूनच मेल्यावरचा पांढरा कपडा घालून चालाचं. अन् हातातली काठी वरून गाडून देत. आता कोनी मरत नाही. आता रीत म्हून घालतात.”

आनंदरावांच्या हातातला हँगर खाली आला. “हे तुले कवा समजलं?”

“मले तं कवाचं माहीत हाय. आईलेबी फोटो पाठोला तवाच सांगतलं. तिनं नाही सांगतलं तुमाले?”

त्यांनी रेंजचं निमित्त करून फोन ठेवला. बंडी खाटेवर पडली होती, बाह्या नसलेली, दोन्ही पल्ले मोकळे. त्यांना भैय्यालालचं कापड फाडणं ऐकू आलं. म्हणजे त्या दुकानदाराला जे बघताक्षणी कळलं, ते बरोबरच होतं. आपण स्वतःच्या पायांनी बाजारात गेलो, स्वतःच्या हातांनी निवडून, बायकोचं कफन आणलं, आणि वर ते चांगलं बसलं म्हणून कौतुक केलं. आणि तिला ठाऊक होतं. मापं देताना, हर्षापुढे हात पसरून उभी असताना, तिला ठाऊक होतं.

त्यांनी बायजाबाईंना काही विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. कारण त्या म्हणाल्या असत्या, हो, माहीत आहे, आणि मग विषय संपला असता. त्याऐवजी त्यांनी बायकोला भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं, जायच्या आधी एकदा सगळं तपासून घेऊ म्हणून. रक्त, लघवी, कार्डिओग्राम. बाहेर बाकड्यावर बसून आनंदराव मनातल्या मनात मागत होते की काहीतरी निघू दे, छोटंसं, गोळीनं बरं होणारं, पण विमानात बसू न देणारं. डॉक्टर हसत बाहेर आले. म्हणाले, काकूंचं हृदय चाळिशीतल्या बाईसारखं आहे, तुमचंच एकदा बघून घेऊ का? बायकोचं हृदय चांगलं निघालं म्हणून हिरमुसलेला नवरा त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिला असेल.

त्यानंतर त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. दिसायचं ते एकच: कुठलातरी डोंगर, धुकं, वाटेच्या कडेला पडलेली पांढरी बंडी, आणि कोणीतरी परकी माणसं, ज्यांना तिचं नावही नीट घेता येणार नाही, तिच्याच काठीनं खूण करताहेत. ते इथे कारध्यात बसलेले. त्यांना कळेपर्यंत सगळं उरकून गेलेलं.

आणि मग एके दिवशी सकाळी, बायजाबाई पुलाकडे गेल्यावर, त्यांना उपाय सुचला. इतका सोपा, की आधी का सुचला नाही याचं नवल वाटलं. मोरीच्या फळीवर निळीची बाटली होती. दर वर्षी सणाच्या आधी घरातले पांढरे कपडे त्यात बुडवून निघायचे. निळा तर आपला रंग, आपल्या झेंड्याचा. निळ्या कपड्यात कोणी कोणाला पुरत नाही, इथे नाही आणि जपानमध्येही नसेल. बंडी निळी झाली की ती नुसती बंडी राहील. वाटेत कोणी पडलं, तरी लोक तिला बघून असं समजणार नाहीत की ही बाई तयारीनं आली आहे. ते तिला उचलतील, दवाखान्यात नेतील. हा विचार त्यांना त्या घटकेला पूर्ण शहाणपणाचा वाटत होता. त्यांनी अख्खी बाटली बादलीत उपडी केली आणि बंडी आत दाबून धरली.

बायजाबाई परतल्या तेव्हा आनंदराव मोरीत उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत निळे. हातात बंडी होती. कुठे गर्द, कुठे फिकी, शिवणीपाशी ओघळ आलेले. बॅग पाठीवर तशीच ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या.

“हे काय केलं जी?”

“पांढरं लवकर मळते,” आनंदराव म्हणाले. आणि मग त्यांना पुढचं खोटं बोलवेना. “मोनिकानं सांगतलं मले. कायचा कपडा हाय तो. तुले माहीत होतं अन् तरी तू मापं देल्ली.”

बायजाबाईंनी बॅग उतरवली. मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या, बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. घाई नव्हती त्यांना. आनंदरावांना वाटलं, आता ही चिडेल, किंवा हसेल. त्यांनी दोन्हीची तयारी केली होती.

“तुमाले वाटते तुमीच भेता,” त्या म्हणाल्या.

आनंदरावांच्या कोपरावरून निळं पाणी ठिबकत होतं.

“मी सारी नोकरी भेत भेत केली. रात्री कोनी दार ठोकलं का मले भेव लागे. वाघाचं भेव नाही, अंधाराचं नाही. वाटेच्या त्या टोकाले कोनीतरी कळा देत पडली असे. मी पोचेन तवा ती असन का नाही, तिचं लेकरू असन का नाही, याचं भेव. सिहोऱ्याकडं बदली होती, तवा एक बाई माह्या हाताले धरून गेली. तिची पकड मले अजून लागते.” त्यांनी मनगट दाखवलं नाही, नुसतं दुसऱ्या हातानं झाकलं. “त्याच्यानंतर जितक्या वाटा चाल्ली, तितक्या त्याच भेवानं चाल्ली.”

“तू कधी सांगतलं नाही.”

“तुमचं भेव पाहून घर चाले. दोघंई भेलो असतो तं मोनिका कोनापाशी झोपली असती?”

दिवा लावून बसायचे त्या सगळ्या रात्री आनंदरावांना आठवल्या. त्यांना वाटायचं, या घरातली भीती आपण एकटेच वाहतो आहोत, आणि बायको तिकडे बिनघोर चालते आहे. निम्मी भीती रोज त्यांच्यासमोर चप्पल घालून दाराबाहेर पडत होती, आणि त्यांनी तिला हिंमत म्हणून ओळखलं होतं.

बायजाबाईंनी त्यांच्या हातातून बंडी घेतली. पिळली. निळं पाणी मोरीत गेलं.

“मोनिकानं सांगतलं तवा मले कसं वाटलं सांगू? हलकं वाटलं. या वाटेवर कोनी मेलं तं मीच मरीन. दुसरं कोनी माह्या हातावर मरनार नाही. या कपड्यात माहं एकटीचं मरन हाय. एवढं हलकं ओझं मी कधी खांद्यावर घेतलं नाही.”

“अन् तू तिथी गेली, अन् काही झालं, तं मी इथी काय करू?”

हा खरा प्रश्न होता. दुकानातल्या त्या मुलीला, डॉक्टरला, मोनिकाला त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत हाच विचारला होता. बायजाबाई कोणाला खोटा धीर देत नसत. कळा देणाऱ्या बाईलाही त्यांनी कधी ‘काही होत नाही’ असं सांगितलं नव्हतं.

“ते मले नाही माहीत,” त्या म्हणाल्या.

मग बायजाबाई बंडी साबणात टाकायला उठल्या. आनंदरावांनी ती त्यांच्या हातातून परत घेतली. म्हणाले, मी केलं ते मीच धुईन.

त्यांनी ती धुतली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्याही दिवशी. लिंबू चोळलं, गरम पाण्यात भिजवली, मधूनच पडणाऱ्या भाद्रपदातल्या कडक उन्हात तारेवर टाकली. प्रत्येक धुण्यात निळं थोडं उतरायचं. ओघळ गेले, मग डाग गेले. आणि निळीचा गुण असा, की सगळं उतरल्यावर जे राहिलं ते भैय्यालालच्या दुकानातल्या कापडापेक्षा कितीतरी जास्त पांढरं होतं. उन्हात तिच्याकडे बघवत नव्हतं. सत्यभामाबाईंनी कुंपणावरून विचारलं, भाऊजी, पावडर कोणती वापरता. आनंदराव म्हणाले, साधीच.

आपण काय धुतो आहोत हे त्यांना प्रत्येक वेळी ठाऊक होतं. हात थांबायचे, मग पुन्हा चालू लागायचे. बायकोच्या बोलण्यानं त्यांची भीती गेली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. भीती होती तेवढीच होती, जास्तच असेल. फक्त आता ती घरात दोघांची होती, आणि एकट्यानं गुपचूप बॅगेत भरण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात काटा सहाच्या थोडा पुढे थांबला. आनंदरावांनी तो पाहिला आणि कडीवरून काढून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी नागपूरच्या विमानतळावर न्यायला गाडी यायची होती. जपानला उतरल्यावर मोनिका घ्यायला येणार होती. बायजाबाईंनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. आनंदराव शेजारी उभे होते. मग त्यांनी इस्त्री केलेली बंडी आणली आणि पुढे धरली.

“घालून दाखव एकदा.”

“आतापासून? तिथी गेल्यावर घालाची हाय ते.”

“मी काय तिथी येऊन राहिलो? मले इथीच पाहाची हाय.”

बायजाबाईंनी साडीवर बंडी चढवली, त्यावर बॅग घेतली, पट्टे कमरेशी आवळले. आनंदराव त्यांच्याभोवती फिरले. खांद्याची शिवण ओढून सरळ केली. बॅगेखाली पाठीवर घडी पडली होती, ती बोटानं काढली. बायजाबाई स्थिर उभ्या राहिल्या, हर्षापुढे उभ्या राहिल्या होत्या तशा.

“थोडी चालून दाखव,” ते म्हणाले.

त्या अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेल्या आणि वळल्या. मागून बंडी कशी दिसते, ते आनंदरावांनी पाहिलं होतं. आता ‘ये परत’ एवढंच म्हणायचं होतं.

“आनखी थोडी जा,” आनंदराव म्हणाले.

बायजाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग फाटकाची कडी काढली आणि त्या रस्त्यावर उतरल्या.